अनंत चतुर्दशी ते घटस्थापना: ओल्या पेटीतल्या पडद्यांचे प्रकरण

पुणे-पिंपरी भागात साउंड, लाइट आणि प्रोजेक्शनचे पडदे भाड्याने देणाऱ्यांचा हंगाम गणेशोत्सवात ऐन भरात येतो आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री एकदम थांबतो. पितृपक्षात बुकिंग जवळजवळ नसतेच. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. मधले १५ दिवस पेट्यांना कोणी हात लावत नाही. पाऊस मात्र गेलेला नसतो. ओला माल आणि बंद गोदाम एकत्र आले की पडद्याचे काय होते, ते या प्रकरणात पाहू. प्रकरण कोणा एका दुकानाचे नाही, अशा गोदामांत वारंवार दिसणाऱ्या बिघाडांवरून रचलेले आहे.

माल आणि ती रात्र

एका मंडळाला दिलेला माल असा: ९ बाय १२ फुटांचा फास्ट-फोल्ड, म्हणजे घडीच्या फ्रेमवर ताणून लावायचा पडदा, समोरून प्रोजेक्शन करण्याचा, पांढरा मॅट आणि मागे काळा थर असलेला. त्याच मापाचा दुसरा, रिअर प्रोजेक्शनचा, म्हणजे मागून चित्र टाकायचा, करड्या अर्धपारदर्शक फिल्मचा, देखाव्याच्या मागे लावलेला. दोन घडीच्या अॅल्युमिनियम फ्रेम, पाय, हाताने फिरवायचे बोल्ट. मंडपाबाहेर आरतीच्या वेळा दाखवायला ६ बाय ४ फुटांचा तिपाई पडदा. मोठे दोन पडदे एका प्लायवुडच्या पेटीत, आतून फोमचे अस्तर.

विसर्जनाच्या रात्री आधी मूर्ती हलते, मग गुलाल उडतो आणि त्यानंतर पडदे उतरवायला माणसे मोकळी होतात. पावसाची सर येऊन गेलेली असते. पडदे वरवर पुसून, घडी करून पेटीत जातात. वरून खिरापतीचा एखादा पुडाही आत राहतो. टेम्पो पहाटे गोदामावर येतो, पेटी खाली उतरते, कुलूप लागते.

नवरात्राच्या ऑर्डरसाठी पेटी उघडली तेव्हा पहिल्यांदा कुबट वास आला. पांढऱ्या पडद्याच्या खालच्या दोन फुटांत गुलाबी पट्टा आणि त्यावर काळे ठिपके होते. रिअर पडद्याच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या. पडदा फ्रेमला अडकवायच्या, कडेच्या पट्टीवरच्या टिचबटणांभोवती तांबूस कडी उमटलेली, आणि पेटीच्या एका कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या.

गोदामात पहिला निष्कर्ष निघाला तो नेहमीचाच: मंडळाने पडदे खराब केले. तो अर्धाच खरा आहे. मंडपातून निघाले तेव्हा या पडद्यांवर ओल आणि रंग होता. बुरशी, चिकटलेल्या घड्या आणि गंज यांतले काहीही तेव्हा नव्हते. ते सगळे पेटीत झाले.

पेटीत पाण्याचा हिशोब

९ बाय १२ म्हणजे १०८ चौरस फूट, सुमारे १० चौरस मीटर. दोन्ही बाजू धरल्या तर २०. हाताला फक्त गार लागेल इतका, म्हणजे ०.०२ मि.मी. जाडीचा पाण्याचा थर उरला तरी ते ४०० मिलिलिटर पाणी झाले. कडेच्या विणलेल्या पट्टीत मुरलेले वेगळे.

पेटी ४ बाय २ बाय दीड फूट, म्हणजे ०.३४ घनमीटर. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणून या पेटीतली हवा जेमतेम १० ग्रॅम पाणी घेऊ शकते. तेवढे उडाले की बाष्पीभवन थांबते. उरलेले पाणी पडद्यावर, पट्टीत आणि फोममध्ये तसेच राहते आणि आतली सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांच्या आसपास अडकून पडते. बुरशीला ७० टक्क्यांच्या वर काही दिवस मिळाले तरी पुरतात.

‘पेटीत सिलिका जेल होते की’ हे इथे हमखास ऐकू येते. जेल आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरते, तेही चांगल्या परिस्थितीत. ५० ग्रॅमच्या चार पुड्या म्हणजे ६०-६५ ग्रॅम पाणी. ४०० ग्रॅमसाठी सव्वा किलो ताजे जेल लागेल. कोरडा पडदा कोरडा ठेवणे एवढेच जेलचे काम. ओला पडदा त्याने वाळत नाही.

फोमचे अस्तर हा या प्रकरणातला खरा गुन्हेगार म्हणावा लागेल. उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषतो आणि दिवसेंदिवस हळूहळू परत सोडतो. पडदा नंतर कितीही नीट वाळवला तरी त्याच पेटीत ठेवला की महिन्याभरात पुन्हा तोच वास येतो.

तपासणी: आधी कोरडी, मग उजेडात

पेटी उघडताक्षणी पाण्याची बादली आणण्याची घाई करू नये. गुलालावर ओला कपडा फिरला की काम कायमचे बिघडते. कारण पुढे येईल.

पडदा छताखाली, स्वच्छ चादरीवर उलगडावा. चिकटलेली घडी ओढून सोडवू नये. पडद्याचे व्हिनाइल, म्हणजे मऊ पीव्हीसी प्लॅस्टिक, थंड असेल तर ताठ असते, म्हणून ३० अंशांच्या आसपासच्या खोलीत तासभर ठेवावे. मग वरचा थर पूर्ण मागे दुमडून, जमिनीला समांतर, बोटभर-बोटभर सोलत न्यावा. सरळ वर उचलला तर पृष्ठभाग ताणला जातो आणि तो ताण पुढे प्रत्येक प्रोजेक्शनमध्ये लाटेसारखा दिसतो.

यानंतर तीन उजेड वापरावेत. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरला की घड्या, दाबाचे ठसे आणि घासून चकचकीत झालेले डाग दिसतात. टॉर्च मागून लावला की काळ्या थरातली टाचणीएवढी भोके कळतात. रिअर पडद्यावर अशी भोके थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत चमकतात, म्हणून तिथे ही तपासणी अधिक कडक हवी. तिसरा उजेड प्रोजेक्टरचा: आधी पूर्ण पांढरे चित्र, मग सपाट करडे. पांढऱ्यावर रंगाचे डाग दिसतात, करड्यावर चकाकीचे. नुसत्या डोळ्यांना भयंकर वाटणारा ठिपका कित्येकदा २० फुटांवरून दिसतही नाही, आणि डोळ्यांना न दिसलेला घासल्याचा पट्टा करड्यावर ठळक उठतो. डाग मोजावेत ते प्रेक्षकाच्या अंतरावरून.

गुलालासाठी चौथा उजेडही कामाचा: नोटा तपासायचा अतिनील टॉर्च. गुलाबी गुलालात ऱ्होडामाइन जातीचा रंग असेल तर तो या प्रकाशात नारिंगीसर चमकतो आणि पट्ट्याच्या बाहेर किती दूर उडाला आहे ते कळते. या पांढऱ्या पडद्यावर पट्टा दोन फुटांचा दिसत होता. बारीक कण चार फुटांपर्यंत होते.

फ्रेमची तपासणी सोपी. ९ बाय १२ च्या चौकटीचा कर्ण बरोबर १५ फूट येतो. फ्रेमचे बाहेरचे माप थोडे जास्त असल्याने आकडा तंतोतंत जुळणार नाही, पण दोन्ही कर्ण एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर कुठल्या तरी बिजागरीचा रिव्हेट सैल आहे. इथे एक तसा निघाला. त्याचे मूळ वाऱ्यात असण्याची शक्यता जास्त: ताशी ३६ किलोमीटरच्या झोतात १० चौरस मीटरच्या पडद्यावर ७० किलोंच्या आसपास जोर येतो. मागून दोर बांधलेले नसले तर तो सगळा बिजागऱ्या आणि पाय सोसतात.

गुलाल आणि बुरशी एकाच जागी का?

काळे ठिपके पडद्यावर सगळीकडे नव्हते, गुलाबी पट्ट्यातच दाट होते. योगायोग नव्हे. अनेक गुलालांचा आधार मक्याचा स्टार्च असतो आणि स्टार्च हे बुरशीचे अन्न आहे. झटकून पडलेली थोडी पूड बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे. चाचणी बशीतच करावी, पडद्यावर नाही. आयोडिनचा डाग वेगळा निस्तरावा लागेल.

रंगाची गोष्ट आणखी अडचणीची. ऱ्होडामाइनसारखा रंग पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्येही विरघळतो. व्हिनाइलला मऊपणा देणारे तेलकट द्रव्य, म्हणजे प्लॅस्टिसायझर, असा विरघळलेला रंग आत ओढून घेते. कोरडा गुलाल पृष्ठभागावर बसलेला असतो. ओला झाला की आत उतरतो. विसर्जनाच्या रात्री ओल्या फडक्याने केलेली पुसापुशी आणि नंतरचा पेटीतला दमटपणा, दोन्हींनी तेच केले.

रिअर पडद्यावर गुलाल पोचला नव्हता, तरी त्यावर पसरट फिकट गुलाबी ठिपके होते. ते गुलालाचे नव्हेत. मऊ पीव्हीसीवर वाढणारे काही सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य सोडतात आणि ते प्लॅस्टिसायझरमधून आत पसरते. हा डाग पुसून, धुऊन किंवा खरवडून जात नाही.

सफाई

बुरशी असलेला माल कोरड्या ब्रशने झटकला तर बीजाणू गोदामभर होतात. ओला पुसला तर गुलाल आत जातो. मधला मार्ग व्हॅक्यूमचा. हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक कणही अडकवणारा व्हॅक्यूम, नळीच्या तोंडावर मऊ जाळीचे कापड, तोंड पृष्ठभागापासून बोटभर दूर, जोर कमीत कमी. काम बाहेर उघड्यावर पण छपराखाली, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. ब्लोअर वापरू नये, तो गुलाल स्वच्छ भागावर नेऊन बसवतो. अतिनील टॉर्चखाली चमक उरेनाशी होईपर्यंत हेच चालू ठेवावे. यात पाऊण तास गेला तरी तो वाया जात नाही.

मग पडदा फ्रेमवर चढवावा. आधी चार कोपऱ्यांची बटणे, मग प्रत्येक बाजूचे मधले, मग उरलेली. एका टोकापासून सरळ लावत गेल्यास शेवटची बटणे पोचत नाहीत आणि पट्टी फाटते.

पाणी कोमट, लिटरमागे अर्धा चमचा, म्हणजे दोन-तीन मिलिलिटर, रंग नसलेला भांडी घासायचा द्रव साबण. दोन बादल्या: एक साबणाची, एक साध्या पाण्याची. बोअरचे पाणी जड असते, वाळल्यावर पांढरे ओघळ सोडते आणि रिअर पडद्यावर ते मागच्या उजेडात दिसतात. शेवटचा हात पिण्याच्या आरओ पाण्याचा असावा. आरओमधून वाया जाणारे पाणी मात्र नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

कापड म्हणून जुना, बऱ्याचदा धुतलेला पांढरा सुती पंचा मायक्रोफायबरइतकाच चांगला. नव्या कापडात खळ असते. ती पडद्यावर बसते आणि पुढच्या बुरशीची सोय होते.

गुलालाचा पट्टा आधी, कापड टिपत, बाहेरून आत. घासायचे नाही. दर वेळी कापडाची कोरी बाजू. कापडावर गुलाबी उतरणे थांबले की थांबावे. त्यानंतर उरलेला रंग आत गेलेला असतो, आणि त्याच्या मागे लागलेला माणूस चकाकीचा पट्टा तयार करतो. गुलाबी छटेपेक्षा तो वाईट दिसतो.

ठिपक्यांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण आधी काळ्या किनारीच्या आतल्या कोपऱ्यात चाचणी करून, आणि गुलाबी रंग उरलेल्या भागावर मुळीच नाही. तिथे अल्कोहोल रंगाला आणखी खोल नेते. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांनी प्लॅस्टिसायझर निघून व्हिनाइल कडक पडते. ब्लीचने ठिपके तात्पुरते पांढरे दिसतात, पण शिलाईचा धागा कमजोर होतो, बटणे गंजतात, आणि चुकून ॲसिडयुक्त क्लीनरच्या बादलीत मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो.

शेवटी संपूर्ण पडदा वरून खाली, एकमेकांवर चढणाऱ्या उभ्या पट्ट्यांत पुसावा. फक्त डागाळलेला भाग स्वच्छ करून थांबता येत नाही. दहा दिवसांचा धूप, उदबत्ती आणि कापराचा काजळीमिश्रित पिवळट थर सगळीकडे असतो. त्यात दोन फूट स्वच्छ पट्टा म्हणजे प्रोजेक्टरखाली नवा, उजळ डाग.

तिपाई पडद्याला फार वेळ लागला नाही. तो मॅट होता. काचमण्यांचा असता तर ओले कापड बंदच, कारण मणी सुटतात, फक्त मऊ ब्रश चालतो. त्याच्या स्प्रिंगकडे मात्र लक्ष हवे. पडदा दोन्ही हातांनी धरूनच आत जाऊ द्यावा, सटकला तर खालची दांडी बोटे चेचते आणि स्प्रिंगचा ताणही जातो. रोलर उघडून तो ताण पुन्हा भरण्याचे काम माहीत असलेल्यानेच करावे.

पडद्याभोवतीची काळी मखमली झालर असल्यास ती धुऊ नये. आगप्रतिबंधक क्षार पाण्यात निघून जातात आणि झालर साधे कापड उरते.

निकाल

पांढरा पडदा वाचला. खाली फिकट गुलाबी छाया राहिली, पण पूर्ण पांढऱ्या चित्रात २० फुटांवरून ती दिसत नव्हती. लेबलवर ‘दुसरा दर्जा, खालची कड’ असे लिहून तो भजन-व्याख्यानाच्या कामांना ठेवला; सादरीकरणात पांढऱ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड असतात, तिथे देऊ नये.

रिअर पडदा बाद झाला. चिकटलेल्या घड्यांवर चकचकीत चट्टे आले होते आणि बटणांचे गोल ठसे मधोमध. घड्या उतरवायला फ्रेमवर ताणून, मागून दीड फुटावरून हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन पाहिली. घड्या बऱ्याच गेल्या, चट्टे नाही. (इस्त्री फिरवण्याची सूचना गोदामात कोणीतरी करतेच. ती ऐकू नये.) मधला भाग स्वच्छ असता तर ताडपत्री शिवणाऱ्याकडून ६ बाय ८ चा पडदा कापून, नवी पट्टी आणि बटणे लावून घेता आली असती. गुलाबी ठिपके मधोमध विखुरलेले असल्याने तेही जमले नाही.

फ्रेमचा रिव्हेट बदलला. गंजलेली बटणे दुरुस्त करण्याऐवजी नवी ठोकून घेतली, कारण गंजाचे ठसे शेजारच्या घडीवर उमटतात. फ्रेमवरच्या बटणांना पांढऱ्या मेणबत्तीचा हलका हात दिला की पडदा काढताना पट्टीला ओढ कमी बसते. तेल वापरू नये, ते पट्टीत चढते. पेटीचे फोम काढून बंद छिद्रांच्या ईव्हीए फोमच्या पट्ट्या लावल्या आणि तळाला कोपऱ्यांत चार भोके पाडून वर बारीक जाळी बसवली, नाहीतर उंदरांना दरवाजाच झाला असता.

साठवण, आणि वजनकाटा

पडदा वाळला की नाही हे हाताने कळत नाही. पृष्ठभाग तासाभरात कोरडा लागतो, पट्टीचा दुमडलेला भाग आणि बटणांखालची जागा दुसऱ्या दिवशीही ओली असते. म्हणून सगळ्यात भरवशाचे साधन म्हणजे बॅगा तोलायचा झुलता डिजिटल काटा. पूर्ण कोरडा पडदा पिशवीसह एकदा तोलून वजन पिशवीवर लिहून ठेवावे. परत आलेला पडदा १०० ग्रॅम जास्त भरला तर त्यात अर्धा पेला पाणी आहे, मग तो हाताला कसाही लागो. पडदा फ्रेमवर, दोन उभ्या पंख्यांसमोर, सावलीत वाळवावा. दोरीवर टाकू नये, स्वतःच्या वजनाने दोरीच्या रेषेवर ताणला जातो. सप्टेंबरच्या हवेत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारे यंत्र, असेल तर काम रात्रीत होते, नसेल तर दोन दिवस धरावे.

घडी घालताना प्रोजेक्शनची बाजू आत, कडा कडेला जुळवून, आणि बटणे पृष्ठभागावर येतील तिथे धुतलेल्या सुती कापडाचा थर. दर वेळी त्याच रेषेवर घडी नको. महिनाभर काम नसेल तर रिअर पडदा गुंडाळून ठेवणे जास्त बरे. प्लंबिंगचा १६० मि.मी.चा तीन मीटर लांबीचा पाइप ९ फुटी बाजूला पुरतो, पण पाइपवर छापील शाई असते, म्हणून आधी त्याला पांढरे कापड गुंडाळावे. वर्तमानपत्र कधीही वापरू नये, शाई व्हिनाइलवर उलटी छापली जाते. डांबरगोळ्याही नकोत, नॅप्थलीनची वाफ मऊ प्लॅस्टिकमध्ये मुरते.

पेटी लाकडी पॅलेटवर, जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून फूटभर दूर. पत्र्याच्या छताखाली सगळ्यात वरच्या मांडणीवर नको; उन्हाळ्यात तिथली उष्णता कोरड्या घड्याही चिकटवते. आत स्वस्त आर्द्रतामापक ठेवून, पेटी बारा तास बंद ठेवल्यावर वाचन घ्यावे. असे मापक पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, म्हणून ६० ची मर्यादा असेल तर ५५ लाच सावध व्हावे. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून ते पुन्हा वापरता येते.

विसर्जनाच्या रात्री या सगळ्याला वेळ नसतो हे मान्य. त्या रात्रीपुरते दोनच नियम: गुलालावर ओले फडके नाही, आणि पेटीवर ‘ओला’ अशी लाल चिठ्ठी, वेळ आणि पॅक करणाऱ्याच्या नावासह. लाल चिठ्ठीची पेटी २४ तासांत उघडलीच पाहिजे, पितृपक्ष असला तरी. बुकिंग नसलेले ते १५ दिवस म्हणजे गोदामात फ्रेम उभी करायला मोकळी जागा मिळण्याचा वर्षातला दुर्मीळ काळ. तो कुलपात घालवणे महागात पडते.

पैशांचा प्रश्न मंडळाशी नेहमी उशिरा निघतो. पडदा पाठवताना पूर्ण पांढऱ्या चित्राखाली एक फोटो आणि उतरवताना, पुसण्याआधी, दुसरा घेतलेला असेल तर गुलालाच्या डागाचे पैसे मागता येतात. बुरशी, चिकटलेल्या घड्या आणि गंज यांचे बिल मंडळाला लावता येत नाही. रिअर पडद्याची किंमत या प्रकरणात गोदामानेच सोसली.